ॲसिड उन्हात पिकत नाही

आजवर मी आमच्या संघटनेसाठी बरीच पत्रकं लिहिली. त्यातलं एकच मला जाहीरपणे मागे घ्यावं लागलं. ते लॅम्प कसे सांभाळावेत याबद्दलचं होतं, आणि त्यातली मुख्य गोष्ट माझ्या बापाची होती.

आमच्या गावामागच्या डोंगरातून रस्त्यासाठी बोगदा खणतायत. गावातली बरीच पोरं तिथे कामाला आहेत. माझा मोठा भाऊही. आम्ही त्याला दादूस म्हणतो. बोगद्याच्या तोंडाशी मोठाले फ्लडलाइट आहेत. पाहुणे येतात, फोटो काढतात, त्यात सगळं लख्ख दिसतं. पण पार आत, जिथे नुकताच फोडलेला दगड पडलेला असतो आणि छताला जाळी ठोकायची असते, तिथे माणसाच्या हेल्मेटवरचा दिवा हाच खरा उजेड. खाणीत वापरतात तोच लॅम्प. कमरेच्या पट्ट्याला बॅटरीचा डबा, त्यातून पाठीवरून वर गेलेली केबल, आणि कपाळावर दिवा.

हे लॅम्प तीन जातींचे होते. पोटठेकेदाराला जिथून जे मिळालं ते त्याने उचललं होतं. बहुतेक जुने, शिसं आणि ॲसिडच्या बॅटरीचे, विटेएवढे जड, डब्याच्या वर दोन बुचं असलेले. काही निकेलच्या सेलचे. आणि थोडे नवे, लिथियमचे, ज्यांना केबल नाही की डबा नाही, सगळं कपाळावरच. चार्जिंगसाठी साइटवर एक कंटेनर होता, पण तो सुपरवायझर लोकांच्या लॅम्पांसाठी राखीव. बाकीच्यांनी आपापला लॅम्प घरी न्यायचा आणि सकाळी भरून आणायचा.

"घरी टीव्ही चालतो ना? मग लॅम्प पण चालेल," असं पोटठेकेदार म्हणाला होता.

तर ऐका आमच्या घरचं. शिफ्ट सात ते तीन. दादूस घरी पोचायचा साडेचारला. ॲसिडवाल्या बॅटरीला सलग बारा तास लागतात. आमच्याकडे रोज संध्याकाळी वीज जाते, आणि आली तरी अशी येते की पंख्याची पाती मोजून घ्यावीत. पहाटे सहाला दादूस निघायचा तेव्हा बॅटरी अर्धीच भरलेली. दुपारच्या डब्यानंतर त्याच्या कपाळावरचा दिवा आधी पिवळा व्हायचा, मग विझत्या निखाऱ्यासारखा लाल. आणि वर दगड.

माझी मागणी एका ओळीची होती. बोगद्यातल्या प्रत्येक माणसाच्या डोक्यावर शिफ्टभर उजेड हवा. ती सगळ्यांसाठी होती हे खरं, पण लिहिताना डोळ्यांपुढे एकच डोकं होतं.

दोन पत्रकं मी याच मागणीची काढली. साइटच्या साहेबांनी त्यातलं एकही वाचलं नाही. मग बाबांनी लॅम्पमध्ये लक्ष घातलं.

बाबांचं सगळं आयुष्य मिठागरात गेलं. आगरावर भराव पडला तेव्हा त्यांनी घरी दोनच वस्तू आणल्या: फावडं, आणि पाण्याची डिग्री बघायचा काचेचा काटा. हा काटा म्हणजे खाली शिशाचं वजन असलेली, काचेची तरंगती नळी. उभट भांड्यात खारं पाणी घ्यायचं, काटा सोडायचा. पाणी पातळ असेल तर तो बुडतो, दाट असेल तर वर येतो. समुद्राचं पाणी तीन डिग्री. वाफ्यात ऊन खाऊन पंचविसाच्या आसपास गेलं की मीठ धरतं. काटा हातात यायच्या आधी बाबा हे जिभेवरून सांगायचे, आणि अजून सांगतात. हॉटेलातल्या आमटीचीही डिग्री सांगतात. आईला ते मुळीच आवडत नाही.

त्या संध्याकाळी दादूसने लॅम्प काढून ओट्यावर आपटला. वीज नव्हती.

"या डब्यान काय हाय गो, बाय?" बाबांनी मला विचारलं.

"ॲसिड हाय, बाबा."

"म्हंजे पानीच ना?"

"पाण्यात ॲसिड."

"तेच. पान्यात मीठ, तसा पान्यात ॲसिड." त्यांनी बुचं फिरवली, ॲसिड त्यांच्या उभट भांड्यात ओतलं आणि काटा सोडला. दोन थेंब लुंगीवर पडले आणि तिथे भोकं पडली. त्याकडे त्यांनी बघितलंही नाही. "सोला," ते म्हणाले. "पातल झायलाय."

दुसऱ्या दिवशी दादूसने सुपरवायझरचा एक लॅम्प गपचूप डब्याच्या पिशवीत घालून आणला. त्याच जातीचा, साइटवर भरलेला. त्यात काटा तिसावर उभा राहिला.

"झाला तर," बाबा म्हणाले. "त्यांच्या लॅम्पान पानी कमी, आपल्यान जास्ती. उन्हान ठेवू. डिग्री चढल."

मी त्यावर काय म्हणाले? काहीच नाही. मला ते पटलं. एवढं पटलं की अंगावर काटा आला. डिप्लोमावाल्यांना जे जमलं नाही ते माझ्या अंगठेबहाद्दर बापाने ओट्यावर बसून सोडवलं होतं.

आईच्या माळ्यावर दोन पांढरी प्लास्टिकची ताटं होती, उथळ आणि मोठी. बाबांनी ती काढली.

"ती पाहुन्यांची हायत," आई म्हणाली.

"मंग?"

"मंग काय? उद्या पाहुनं आलं की त्यांना ॲसिड वाढू?"

"जेवतील का बग. तुझ्या आमटीपेक्सा डिग्री कमीच हाय."

आईने झाडू उचलला, पण ताटं गेली पत्र्यावर. अगदी मिठागरातल्या वाफ्यासारखी. बाबांनी त्यांना तसंच जपलं. कडेने विटा लावल्या, कावळा बसू नये म्हणून जाळं टाकलं, दर तासाला वर जाऊन काटा सोडला. त्या आठवड्यात दादूसला तीन दिवस सुट्टी होती, त्यामुळे लॅम्प मोकळा होता. दोन दिवसांनी काटा अठ्ठावीसवर आला. ॲसिड अर्धं झालं होतं, म्हणून शेजारच्या एका बंद पडलेल्या लॅम्पमधलंही तसंच आटवून दादूसच्या बॅटरीत भरलं. मग जमेल तेवढं चार्जिंगला लावलं.

आणि लॅम्प चालला. शिफ्टभर. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. दादूस तीन वाजता बाहेर येऊन फोनवर ओरडला, "बाय गो, सूर्य हाय सूर्य!"

मी त्याच संध्याकाळी पत्रक लिहायला बसले. आता ते वाचवत नाही, तरी त्यातली एक ओळ सांगते, कारण तेव्हा मला ती फार भारी वाटली होती: 'ज्ञान साहेबाच्या डिप्लोमात नाही, आपल्या बापजाद्यांच्या वाफ्यात आहे.' खाली रीत लिहिली. बुचं उघडा, पाणी उथळ ताटात काढा, लॅम्प आणि ताट उन्हात ठेवा, तीस डिग्रीपर्यंत आटवा. संघटनेत आम्हाला शिकवतात की पत्रकात 'कदाचित', 'बहुधा', 'आमच्या मते' असले शब्द टाकायचे नाहीत. वाचणाऱ्याच्या मनात शंका राहते. मी एकही टाकला नाही.

बाबांना वाचता येत नाही. त्यांनी एक प्रत घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पारावर जाऊन दुसऱ्याकडून वाचून घेतली. मग आणखी एकाकडून.

आठवडाभरात गावातल्या पत्र्यांवर आणि गच्च्यांवर ताटं दिसायला लागली. मी फोटो काढले. संघटनेच्या ग्रुपवर टाकले. लोकांनी मुठी आवळलेले हात पाठवले.

मग दादूसचा लॅम्प गेला.

पिवळा नाही, लाल नाही, एकदम गेला, साडेनऊला. त्या वेळी तो सगळ्यात आत होता. बाकीचे मागे दगड भरत होते. तो घरी आला तेव्हा त्याने ओरडाआरडा केला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"मी जाग्यावं उभा ऱ्हायलो," तो म्हणाला. "हात भिंतीला लावून. वरून बारीक बारीक खडी पडत व्हती. कंच्या बाजूला पडतेय ते कलंना. पाय उचलला नाय मी. दुसऱ्याचा दिवा येईस्तवर."

"किती वेळ?" मी विचारलं.

"घड्यालही दिसत नव्हतं ना, बाय."

दोन दिवसांत आणखी सहा-सात लॅम्प असेच मेले. सगळे आमच्या पद्धतीने आटवलेले. आणि पलीकडच्या आळीतल्या एकाने तर कमाल केली. त्याचा लॅम्प लिथियमचा. त्यात बुचही नाही आणि पाणीही नाही. पण पत्रकात लिहिलं होतं 'लॅम्प उन्हात ठेवा', म्हणून त्याने तो दुपारभर तापल्या पत्र्यावर ठेवला. संध्याकाळी तो घेऊन आला तेव्हा बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली होती.

"तुझ्या कागदान होता तसाच केला," तो मला म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याचंच मला लागलं.

तिसऱ्या दिवशी साइटच्या गेटवर नोटीस लागली. ज्याचा लॅम्प शिफ्ट संपेपर्यंत टिकणार नाही त्याला सोमवारपासून आत सोडणार नाही, त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला जाईल. लॅम्प खराब होण्याचं कारण गावकऱ्यांची हयगय. पुरावा सोबत जोडला आहे. पुरावा म्हणजे माझं पत्रक, नोटिशीला पिन मारलेलं.

आता दोन्ही बाजूंनी अडकलो. लॅम्पशिवाय आत गेला तर दादूस अंधारात. नाही गेला तर घरी, आणि ज्या डोंगराखालची जमीन आम्ही रस्त्यासाठी दिली तिथल्या कामावर आमचाच माणूस नाही. आणि यात माझा हात होता.

बाबांनी मेलेल्या लॅम्पमधलं ॲसिड परत भांड्यात ओतलं. काटा चौतिसावर होता.

"डिग्री हाय," ते म्हणाले. "डिग्री हाय न दिवा नाय. असा कसा?"

आम्ही दोघं लॅम्प पिशवीत घालून हायवेवर गेलो. तिथे ट्रकच्या बॅटऱ्या करणारे एक चाचा आहेत. त्यांच्या दुकानात सगळं काळं आहे, फक्त चहाचे ग्लास सोडून. त्यांनी बूच उघडून आत टॉर्च मारला आणि कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला. ह्या बेचारीला उपाशी मारलं कुणी?"

"उपाशी नाय," बाबा म्हणाले. "चांगला आटवून भरलाय. उन्हान."

चाचांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत त्यांच्याकडे. "उन्हात?"

"मिठागरातला मानूस हाय मी."

"अहो मीठवाले," चाचा हसायला लागले, "उन्हाने बॅटरी भरत असती तर मी हे दुकान मांडून कशाला बसलो असतो? गच्चीवर झोपलो नसतो?"

बाबा हसले नाहीत. चाचांच्या ते लक्षात आलं. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि नीट सांगितलं. दिवा जळतो तेव्हा ॲसिड पाण्यातून निघून शिशाच्या पट्ट्यांत शिरतं. मागे पाणी उरतं, म्हणून डिग्री उतरते. करंट दिला की ॲसिड पट्ट्यांतून परत पाण्यात येतं, म्हणून डिग्री चढते. "तुम्ही काय केलं? पाणी उडवलं. डिग्री चढली, पण ॲसिड पट्ट्यांतच बसून राहिलं. वरून तेज पाणी ओतून चार्जिंग लावलं. चार दिवस घोडा पळाला, मग पाय मोडला."

बाबांनी बॅटरी जवळ ओढून बुचातून आत बघितलं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं. त्यांच्या खिशात ते पत्रक होतं, घडीच्या कडेला मळलेलं.

"म्हंजे मिठाला पानी जायाला पायजे," ते सावकाश म्हणाले. "न ह्याला पानी ऱ्हायाला पायजे, न ॲसिड घरी परत यायाला पायजे."

"बराबर."

"मंग माझा काटा खोटा नव्हता."

"काटा कधी खोटा नसतो," चाचा म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी चहाबरोबर गिळलं. मग बाबांनीच ते पुरं केलं. "बगनारा अर्धवट."

चाचांनी आणखी एक गोष्ट विचारली. हे तिन्ही जातींचे लॅम्प घरी कसे लावता? मी सांगितलं, एकाच बोर्डवर, ज्याची पिन बसेल त्या चार्जरला. त्यांनी ग्लास खाली ठेवला. "बेटा, लिथियमला ॲसिडचा चार्जर लावलास तर घर जाळशील. निकेलला त्याचा वेगळा. तिघं तीन घरचे. एका ताटात जेवत नाहीत."

परत येताना रिक्षात बाबांनी खिशातून पत्रक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "दुसरा छाप. माझी चूक व्हती म्हनून लिव."

"चूक माझी, बाबा. मी छापलं."

"तू छापलास. बोललो मी. दोगांची लिव." आणि थोड्या वेळाने, "पन काटा खोटा नाय, हे बी लिव."

मी संघटनेतल्या थोरल्या ताईंना फोन केला. त्यांनीच मला पत्रक लिहायला शिकवलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं: "आता माघार घेतलीस तर साहेब म्हणणार, बघा, गावकऱ्यांची हयगय मान्य. मागणी मेली. गप्प राहा. लोकांना तोंडी सांग, उन्हात ठेवू नका. कागदावर काही नको."

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. पण तोंडी सांगितलेलं किती घरांपर्यंत जातं? एखाद्या पत्र्यावर ताट राहिलं असतं, एखादा लिथियम तापला असता, आणि एखादा माणूस बोगद्यात भिंतीला हात लावून उभा राहिला असता. मी म्हटलं, "ताई, छापून सांगितलं ते छापूनच काढायला पाहिजे." त्यांनी फोन ठेवला.

नवं पत्रक अर्ध्या पानाचं होतं. 'मागच्या पत्रकातली रीत चूक आहे. लॅम्प उन्हात ठेवू नका. ॲसिड उन्हात पिकत नाही. चूक लिहिणारीची आणि सांगणाऱ्याची.' त्याखाली तीन जातींचे तीन चार्जर. त्याखाली, पूर्वीचीच मागणी. घोषणा एकही नाही. माझ्या पत्रकांत ते सगळ्यात कमी आवाजाचं होतं. मी ते घराघरात स्वतः नेऊन दिलं. काहींनी हसून घेतलं, काहींनी दार अर्धंच उघडलं. एका काकींनी विचारलं, "आथा यान परत काय चुकीचा हाय ते पुढच्या आठवड्यान सांगशील का?"

पण नुसती कबुली देऊन दादूसच्या डोक्यावर उजेड येत नव्हता. सोमवार जवळ आला होता. बाबा म्हणाले, "दोन लॅम्प दे मना. एकाच जातीचे, मेलेले नको."

चाचांनी त्या दोन्हींत एकसारखं नवं ॲसिड भरलं आणि एकसारखे भरून दिले. रविवारी दोन्ही शिफ्टभर जाळून रिकामे केले. मग एक चाचांच्या दुकानात लावला, पूर्ण रात्र, त्यांच्या चार्जरवर. दुसरा आमच्या घरी, आमच्या बोर्डवर, आमच्या विजेवर. त्या संध्याकाळीही वीज गेली. पहिल्यांदाच मला तिचा राग आला नाही.

सोमवारी सकाळी सातच्या आधी आम्ही गेटवर होतो. बाबांच्या हातात काटा, माझ्या हातात पत्रक, दादूसच्या खांद्यावर दोन लॅम्प. साइटचा इंजिनिअर तरुण होता, देशावरचा. माझ्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा असेल. त्याने नवं पत्रक वाचलं. अख्खं वाचलं. पहिल्यांदाच.

"म्हणजे तुम्ही मान्य करता," तो म्हणाला.

"हो. लेखी. सहीसकट."

"मग नोटिशीत काय चूक आहे?"

"नोटिशीत फक्त अर्धी गोष्ट आहे. उरलेली अर्धी बघा."

बाबांनी कट्ट्यावर भांडं ठेवलं. दुकानात भरलेल्या लॅम्पमधलं ॲसिड ओतलं. काटा तीस. ते परत भरलं. मग घरी भरलेल्याचं. काटा एकवीस.

"हा दुकानान बारा तास ऱ्हायला," बाबा म्हणाले. "ह्यो आमच्या घरी. ॲसिड एकच, मानूस एकच, हयगय कंची?"

इंजिनिअरने वाकून बघितलं. त्याला डिग्री वाचता येत होती, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. "हा मिठाचा हायड्रोमीटर आहे," तो म्हणाला.

"मिठाचा असो की कशाचा. तीसच्या जागी एकवीस हाय का नाय?"

"आहे." मग सावध होऊन, "पण काट्यावर काम चालत नाही. शिफ्टमध्ये काय होतं ते बघू."

"आम्ही त्याच्यासाठीच आलोय," मी म्हटलं. दुकानाचा लॅम्प दादूसने कमरेला बांधला, घरचा त्याच्या जोडीदाराने. दोघं एकमेकांच्या हाताच्या अंतरावर काम करणार, असं ठरवून आत गेले. मला हे मुळीच आवडलं नव्हतं. एकाचा दिवा जाणार हे माहीत असून आपण त्याला आत पाठवतोय. जोडीदार जाताना म्हणाला, "बाय, माझा गेला तर तुझ्या भावाच्या शेपटीला धरून येतो, घाबरू नको."

आम्ही गेटसमोर बसलो. बाबांनी दोनदा चहा घेतला. मी एकदाही नाही. डंपर येत होते, जात होते, त्यांच्या धुळीत बाबांची पांढरी टोपी तपकिरी झाली.

साडेअकराला जोडीदार बाहेर आला, हातात हेल्मेट, त्यावरचा दिवा काजव्याएवढा. त्याने तो गेटशी मांडलेल्या इंजिनिअरच्या टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेला.

तीन वाजता शिफ्ट सुटली. माणसं घोळक्याने येत होती. धुळीने सगळे सारखेच दिसत होते. मग एक दिवा दिसला. भर उन्हात, दुपारच्या तीन वाजता, कपाळावर पांढराफेक दिवा घेऊन एक माणूस येत होता. उन्हात त्या दिव्याचा काडीचा उपयोग नव्हता. दादूसने तो मुद्दाम बंद केला नव्हता. तो थेट टेबलासमोर आला आणि इंजिनिअरच्या डोळ्यांत उजेड पडेल असा उभा राहिला.

"बंद कर रे," इंजिनिअर डोळ्यांवर हात धरून म्हणाला.

"खात्री झाली का, साहेब?"

"झाली. मी वर कळवतो."

'वर कळवतो' याचा अर्थ मला माहीत आहे. माझ्या दोन पत्रकांबद्दलही वर कळवलं होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात दादूसने दिवा बंद केला, कमरेचा पट्टा सोडला आणि लॅम्प टेबलावर ठेवला. हे आमचं ठरलेलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं.

"ह्यो आज हितंच ऱ्हाईल," तो म्हणाला. "उद्या सातला भरलेला द्या. घरी नेनार नाय."

"असं कसं? नियम आहे—"

"नियम कंपनीचा, लॅम्प कंपनीचा. मंग वीज बी कंपनीची लावा."

मागे उभ्या असलेल्या माणसाने आपला पट्टा सोडला. मग त्याच्या मागच्याने. टेबलावर जागा उरली नाही तेव्हा जमिनीवर ठेवायला लागले. ॲसिडवाले, निकेलवाले, लिथियमचे, केबली एकमेकांत गुंतलेल्या. दुसऱ्या शिफ्टच्या लोकांनी ते बघितलं. त्यांचे लॅम्प कमरेला होते, पण सुटल्यावर तेही इथेच ठेवणार हे न बोलता सगळ्यांना कळलं. इंजिनिअरलाही. उद्या सात वाजता हे भरलेले नसतील तर आत कोण जाणार, हा प्रश्न आता त्याचा झाला होता.

त्याने डंपरच्या आवाजावरून इलेक्ट्रिशियनला हाक मारली. गेटला लागूनचा कंटेनर उघडला. सुपरवायझरांचे लॅम्प बाजूला झाले, लांब बोर्ड आले, पोटठेकेदाराच्या गोदामातून चार्जरचं खोकं आलं, तिन्ही जातींचे चार्जर एकातच कोंबलेले. इलेक्ट्रिशियनने एक हातात घेतला, एक लिथियमचा लॅम्प उचलला आणि पिन बसते का बघायला लागला.

"थांब!" मी आणि बाबा एकदमच ओरडलो.

तो थांबला. इंजिनिअरने एकदा खोक्याकडे बघितलं, एकदा लॅम्पांच्या ढिगाकडे, आणि शेवटी गेटच्या बाहेर उभ्या असलेल्या बाबांकडे.

"यातलं कुठलं कुठल्याला लावायचं, तुम्हाला माहीत आहे?"

"चाचाने दाखवलाय," बाबा म्हणाले. "पन मना पास नाय."

वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. इंजिनिअर म्हणाला, "सोड त्यांना आत." बाबांनी रजिस्टरवर अंगठा उठवला आणि चपला झटकून कंटेनरमध्ये शिरले. पहिल्यांदा त्यांनी सगळे लिथियमचे उचलून एका टोकाला नेले, दुसऱ्या टोकाला ॲसिडवाले, मध्ये निकेलचे. मग इलेक्ट्रिशियनला म्हणाले, "आथा दे एकेक. घाई नको. बारा तास हायत आपल्याकं."

दादूस थोडा वेळ दाराशी उभा राहिला. मग मोकळ्या कमरेवर हात फिरवत माझ्याकडे आला. "चल गो," तो म्हणाला. "बाबांना येल लागल."